अकराचा फोन

"तुमची बायको नोकरीत नेमकं काय करते?" असं कुणी विचारलं, की दादा चेहरा गंभीर करून सांगायचा, "रेषा बघते." विचारणारा हसायचा. दादा हसायचा नाही. "खरंच सांगतोय. रेषा वर गेली की फोन करते, खाली आली की फोन करते, आणि सरळ चालली असेल तर सरळ का चालली म्हणून फोन करते."

वहिनी आतून ऐकत असायच्या. "आणि घरी आल्यावर तुमचं तोंड बघते," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा रेषा बरी. निदान ती जागची हलते तरी."

मी त्यांचा धाकटा दीर. त्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात होत्या, त्याच हॉस्पिटलच्या भांडारात मी कामाला होतो. कापूस, कागद, हातमोजे, बल्ब हे माझं राज्य. दुपारचा डबा आम्ही चौथ्या मजल्यावर त्यांच्या खोलीत बरोबर खायचो. त्यामुळं पुढं जे सांगतोय त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे, निम्मं ऐकलेलं. वहिनी वाढवून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. उलट सांगताना त्या स्वतःला गाळायच्या, आणि ऐकणाऱ्यालाच त्यांना पुन्हा गोष्टीत आणून बसवावं लागायचं.

त्यांची खोली लांबट होती. एकच खिडकी, आणि खिडकीत समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. मधोमध काचेची भिंत. काचेपलीकडं लोखंडी कपाटात चार सर्व्हर अखंड घरघरत असायचे. काचेअलीकडं टेबल, दोन पडदे, एक फोन आणि चौकटीच्या कागदाची एक जाड वही.

हॉस्पिटलचं सगळं त्या चौघांच्या जिवावर चालायचं. खाली नोंदणीच्या खिडकीवर कुणी पेशंटचं नाव टाइप केलं, औषधांच्या काउंटरवर कुणी चिठ्ठी उघडली, लॅबमधून कुणी रक्ताचा रिपोर्ट वॉर्डात पाठवला, की ती मागणी आधी या चौघांपैकी एकाकडं यायची. तो माहितीच्या मोठ्या साठ्यातून हवं ते काढायचा, नाहीतर त्यात आणून ठेवायचा, आणि उत्तर परत पाठवायचा. वहिनींनी चौघांना नावं दिली होती: थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ. कुणाचं काम कुणाकडं द्यायचं हे ठरवणारा एक प्रोग्राम होता. त्याला त्या सासूबाई म्हणायच्या. "जो पटकन उरकतो त्याच्याच पुढ्यात आणखी काम टाकायचं. दुसरं काय म्हणणार?"

पडद्यावर मुख्य रेषा एकच होती. एका मागणीला उत्तर मिळायला सरासरी किती वेळ लागला, ते ती दाखवायची. सव्वा सेकंद म्हणजे नेहमीचा दिवस. दोन सेकंदांच्या वर गेली की रेषा पिवळी, चारच्या वर लाल.

त्याआधी एकोणीस वर्षं वहिनी याच हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिघींपैकी दोघी घरी बसल्या. वहिनींनी पंचेचाळिसाव्या वर्षी चार महिन्यांचं शिक्षण घेतलं, पोरांच्या बरोबरीनं परीक्षा दिली आणि काचेसमोर येऊन बसल्या. पण कान काही त्यांनी परत केले नाहीत. दिवसातून चार वेळा त्या सहा काउंटरांना फोन करायच्या. साडेनऊ, अकरा, दोन, साडेचार. त्यातला अकराचा महत्त्वाचा, कारण गर्दी तेव्हाच शिगेला पोचलेली असायची.

"काय म्हणतंय आज?"

"काय म्हणणार, बाई. चक्र फिरतंय पडद्यावर. बघून मलाच भोवळ यायची वेळ आलीय."

"किती वेळ फिरलं?"

"तेवढ्यात माझा चहा पिऊन झाला."

"अर्धा कप का पूर्ण?"

"अर्धा."

"मग बरं चाललंय," वहिनी म्हणायच्या आणि वहीत लिहायच्या. आकडा पडद्यावरचा, शब्द स्वतःचा. शब्द चारच होते: उत्तम, बरं, जड, वाईट. उत्तम हा शब्द त्या फार जपून वापरायच्या. वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी. विभागाच्या साहेबांना आकड्यांतलं फारसं कळायचं नाही, पण ते रोज संध्याकाळी वहीतला शब्द वाचायचे. काही वरखाली झालं की सगळे म्हणायचे, "बाईंच्या वहीत काय आहे ते बघा." एखाद्या माणसाचा शब्द असा हळूहळू सरकारी शिक्क्यासारखा होत जातो. त्यालाही ते कळत नाही.

मग त्या वर्षी जावईबापू आले.

हे नाव वहिनींचंच. बाहेरच्या कंपनीचा इंजिनिअर होता तो, तिशीतला, सभ्य, बोलायला गोड. सर्व्हरांवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा बसवायला तीन महिन्यांसाठी आलेला. त्याच्यासाठी नवी खुर्ची आली, खिडकीला पडदा आला, दर दोन तासांनी चहा आला. "अकरा वर्षं मी ऊन खातेय त्या खिडकीचं," वहिनी मला म्हणाल्या, "आणि यांना एका दिवसात डोळ्यांवर आलं. जावईच झाले की." त्याच्या तोंडावर त्या त्याला साहेब म्हणायच्या. पण पंधरा दिवसांत ते नाव त्याच्यापर्यंत पोचलं आणि त्यानं ते आनंदानं घेतलं. "मग सासुरवाडीचा डबा कुठाय?" असं म्हणून तो आमच्यात जेवायलाही बसायला लागला.

त्याच्या नव्या पडद्यावर चाळीस तक्ते होते. वहिनींना ते आवडले, हे सांगायला हवं. त्या यंत्रांना भिणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एकेक तक्ता विचारून समजून घेतला. फक्त फोन सोडला नाही.

तो मंगळवार होता. सकाळी साडेनऊचे सहा फोन करून वहिनींनी रिसीव्हर खाली ठेवला, तेव्हा जावईबापू म्हणाला, "मॅडम, एक विचारू? पडद्यावर सगळं दिसतंय, तरी फोन कशाला?"

"दिसतं. पण ऐकू येत नाही."

"ऐकण्यासारखं काय असतं त्यात?"

"नोंदणीवाला नुसतं 'बोला' म्हणाला तर ठीक. 'बोला ना बाई' म्हणाला तर अडकलंय."

तो मनापासून हसला. "माझी आजी घर बंद केल्यावर कुलूप पाच वेळा ओढून बघायची. चौथ्या पायरीवरून परत यायची. कुलूप काही कधी उघडं सापडलं नाही."

त्यात खोच नव्हती. पण वहिनींना ती लागली. छपन्नाव्या वर्षी माणसाला म्हातारं म्हटलेलं चालतं, जुनं म्हटलेलं चालत नाही. त्या म्हणाल्या, "बरं. आज यापुढं एकही फोन नाही. तुमचा पडदा जे सांगेल तेवढंच लिहिते."

"पैज?"

"पैज कसली. बघू या."

अकरा वाजता त्यांचा हात फोनकडं गेला आणि परत मांडीवर आला. त्यांनी तो दुसऱ्या हाताखाली दाबून ठेवला, असं जावईबापूनं मला नंतर सांगितलं. आणि अकरा वाजून चार मिनिटांनी रेषा खाली यायला लागली. सव्वा सेकंद, एक, पाऊण, अर्धा. पाच मिनिटांत ती पाव सेकंदाच्याही खाली जाऊन तळाशी सरळ पसरली. हिरवीगार. गर्दीच्या वेळी इतकं वेगवान काम वहिनींनी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नव्या सेटिंगचा परिणाम," जावईबापू म्हणाला. त्याला तसं खरंच वाटलं.

वहिनींनी साहेबांना फोन केला. काउंटरांना नाही, साहेबांना. "जरा येऊन बघा." साहेब आले, पडद्यासमोर हात मागं बांधून उभे राहिले, मान डोलावून गेले. वहिनींनी वही ओढली आणि लिहिलं: ११.१०. ०.२ सेकंद. उत्तम.

पावणेबाराच्या सुमाराला जावईबापूनं दुसऱ्या कसल्याशा बदलासाठी धाकट्याला बंद करून पुन्हा चालू केलं. रेषा हळूहळू वर आली आणि सव्वा सेकंदावर स्थिरावली. "आली परत मूळपदावर," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना थोडं वाईट वाटलं. एक वाजता मी डबा घेऊन गेलो तेव्हा दोघं खुशीत होती. दोन वाजता आणि साडेचारला त्यांनी फोन केला नाही. दिलेला शब्द पाळला.

खाली काय झालं होतं ते मला बुधवारी कळलं, आणि मी ते वहिनींना गुरुवारी सांगितलं. एक दिवस मधे गेला, कारण मला वाटलं त्यांना ठाऊक असेल. त्यांना नेहमी सगळं ठाऊक असायचं.

लॅबमध्ये एक बाई होती. पस्तिशीची, दोन मुलं, नवरा परगावी, कंत्राटावर तिसरं वर्ष. तिला सगळे घाईबाई म्हणायचे. बोलणं भरभर, चालणं भरभर, जिना उतरताना दोन पायऱ्या एकदम. रिपोर्ट हातात आला की दुसऱ्या मिनिटाला वॉर्डात. "माझ्या हातात काही राहिलं की मला खाज सुटते," असं म्हणायची. मंगळवारी एका म्हाताऱ्या शिंप्याचं ऑपरेशन बाराला व्हायचं होतं. आदल्या दिवसापासून उपाशी, नळ्या लावलेला, बाहेर मुलगी बसलेली. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. तो अकराच्या सुमाराला यायला हवा होता, तो पावणेबारा वाजून गेले तरी आला नाही. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला निघून गेले. शिंप्याला परत वॉर्डात आणलं. बुधवारी त्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. पण मुलीनं तक्रार दिली होती, आणि ती बरोबरच होती. नोंदीत दिसत होतं: तपासणी पूर्ण अकरा पाच, रिपोर्ट वॉर्डात अकरा सत्तेचाळीस. बेचाळीस मिनिटं रिपोर्ट कुठं होता?

घाईबाई म्हणत होती, मी पाठवला. लॅबच्या पडद्यावर बटण दाबलं की लगेच 'पाठवला' असं यायचं, पुढं पोचला की नाही ते कळायचं नाही.

"मग तिचं म्हणणं कुणी ऐकत का नाही?" वहिनींनी विचारलं. डबा उघडून तसाच पुढ्यात होता.

"तिचं म्हणणं आहे की सर्व्हर अडला असेल. पण त्या वेळी सर्व्हर उत्तम चालू होते."

"कोण म्हणतं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. "तुमची वही, वहिनी. साहेब स्वतः घेऊन गेले होते लॅबच्या डॉक्टरांकडं. उद्या बैठक आहे. महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपतं. ते आता पुढं वाढवत नाहीत असं ऐकतोय."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तिनं मला फोन का केला नाही?"

त्यांनी लॅबला फोन लावला आणि घाईबाईलाच विचारलं. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. वहिनी नुसत्या हं, हं करत होत्या. मग नोंदणीला. मग औषधांच्या काउंटरला. तिन्ही ठिकाणी एकच विचारलं: मंगळवारी अकराला अडलं होतं का, आणि अडलं होतं तर मला का कळवलं नाही? फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या.

"तिघंही म्हणतात, तुमच्या अकराच्या फोनची वाट बघत होतो. अकरा वर्षं मीच करतेय ना. कुणाला चौथ्या मजल्याचा नंबरसुद्धा पाठ नाही. मग फोन आला नाही, तेव्हा म्हणाले, आज बाई फोन करत नाहीत म्हणजे त्यांना कळलेलंच असणार, दुरुस्तीला लागल्या असणार. म्हणून काल-आजच्या फोनवरही कुणी ते काढलं नाही."

आमच्याबरोबर जेवायला बसलेला जावईबापू एव्हाना घास हातात धरून थांबला होता.

"साहेब," वहिनी त्याला म्हणाल्या, "धाकट्याची मंगळवारची कच्ची नोंद उघडा."

प्रत्येक सर्व्हर आपण काय केलं ते ओळीओळीनं एका फाइलमध्ये लिहीत असतो. दिवसाला लाखो ओळी. ती फाइल कुणी वाचत नाही. पडदे असतात ते ती वाचायला लागू नये म्हणूनच. ती उघडली, आणि अकरा चारपासून एकाखाली एक तीच ओळ दिसायला लागली: मागणी नाकारली. मागणी नाकारली. जावईबापूनं मोजणी लावली. सहा हजार तीनशे अठरा.

आधी त्याच्या लक्षात आलं, मग वहिनींच्या, आणि सगळ्यांत शेवटी, दोनदा समजावून घेतल्यावर, माझ्या. माहितीच्या साठ्याशी बोलायला प्रत्येक सर्व्हरला ठरावीक जोडण्या दिलेल्या असतात. धाकट्याच्या सगळ्या जोडण्या अडकून बसल्या होत्या. त्याला साठ्यापर्यंत जाताच येत नव्हतं. त्यामुळं येईल त्याला तो दारातूनच सांगत होता, नंतर या. नाही म्हणायला वेळ लागत नाही. काम करायला सव्वा सेकंद लागतो, नकार द्यायला त्याचा शंभरावा भागही पुरतो. आणि सासूबाईंनी पाहिलं की हा किती झटपट रिकामा होतोय, म्हणून शंभरातली नव्वदहून अधिक कामं त्याच्याकडं वळवली. बाकीचे तिघं निवांत. सरासरी खाली. रेषा हिरवी.

"म्हणजे सगळ्यांत नादुरुस्त होता," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांत सुंदर दिसत होता."

पुढं धाकटा बंद करून चालू केला, जोडण्या आपोआप सुटल्या आणि रोगाची खूणही उरली नाही. फक्त ही फाइल.

जावईबापू खुर्चीत मागं टेकला. त्याचा चेहरा उतरला होता. चाळीस तक्ते होते त्याच्या पडद्यावर, आणि नकार मोजणारा एकही नव्हता. "मॅडम, ही फाइल पंधरा दिवसांनी आपोआप पुसली जाते," तो म्हणाला, आणि लगेच पुढं म्हणाला, "मी तसं सुचवत नाहीये. कळवायलाच हवं. पण कळवताना तांत्रिक अडचण एवढंच लिहू. तेही खोटं नाही. ती बाई सुटेल, आणि कुणाचं नाव येणार नाही."

"आणि माझा शब्द?"

"कुठला?"

"उत्तम."

"पडद्यावर दिसलं ते लिहिलंत तुम्ही. तुमची चूक काय त्यात? फोन करणं तुमच्या कामाच्या यादीत आहे का? कुठल्या नियमात आहे?"

"नाही. म्हणून तर अकरा वर्षं कुणी मला ते थांबव म्हणून सांगू शकलं नाही." त्यांनी डबा बाजूला सारला. "तो शब्द मी फोन केल्याशिवाय कधी लिहिला नव्हता. लोकांना ते माहीत होतं. म्हणून ते त्याला मान देतात. मंगळवारी मी तोच शब्द दिला, आतला माल न बघता."

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दादा-वहिनींच्या घरी गेलो. दादा मोज्यांच्या जोड्या लावून घड्या घालत बसला होता, वहिनी समोर होत्या. वहिनींनी त्याला सगळं सांगितलं होतं.

"गप्प राहिलीस तर कुणाला कळणार आहे?" दादा म्हणाला. तो नेहमी आधी चुकीची बाजू घ्यायचा, समोरच्याची बाजू पक्की व्हावी म्हणून. निदान नंतर तरी तो असं म्हणायचा.

"तुम्हाला कळलंय ना."

"मी कुणाला सांगतोय."

"मग रोज संध्याकाळी तुमचं तोंड बघायचं आणि तेच आठवायचं, असं?"

"तोंड तर तुला असंही आवडत नाही." दादानं एक मोजा वर धरून त्याचा जोडीदार शोधला. मग म्हणाला, "दोन वर्षं राहिलीत तुझी. चांगलं नाव घेऊन बाहेर पडली असतीस."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तेच डोक्यात येतंय दुपारपासून. लाज वाटते, पण येतंय."

दादानं मोज्यांचा ढीग पुन्हा उपसला. मोज्याचा जोडीदार त्याला सापडला नाही. त्यानं तो एकटाच घडी घालून ठेवला.

शुक्रवारच्या बैठकीला मी नव्हतो. जे कळलं ते जावईबापूकडून. वहिनींनी एका कागदावर दहाबारा ओळी लिहून नेल्या होत्या आणि त्या उभ्या राहून वाचल्या. धाकट्याला काय झालं होतं, रेषा का खोटी ठरली, किती मागण्या नाकारल्या. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'या वेळी मी नेहमीप्रमाणं काउंटरांना फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. तो मी माझ्या मनानं केला नाही, आणि न करता उत्तम असं लिहिलं.'

लॅबच्या डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण वहीवर विसंबून बसलेले होते, आणि विसंबलेल्या माणसाला राग उशिरा आणि जास्त येतो.

"म्हणजे बाई, ही नोंद चुकीची."

"हो."

"अकरा वर्षांत अशा आणखी किती असतील?"

"बाकीच्या सगळ्या फोन करून लिहिलेल्या आहेत."

"हे पुन्हा मी तुमच्या शब्दावरच धरायचं ना?"

वहिनी म्हणाल्या, "हो. दुसरं काही नाही माझ्याकडं."

तक्रारीतून घाईबाईचं नाव वगळलं गेलं. कंत्राट सहा महिन्यांसाठी वाढलं. जावईबापूनं दुपारपर्यंत पडद्यावर नकारांची वेगळी, जाड, लाल रेषा आणली, आणि ती का आणली हेही आपल्या कंपनीला खरं खरं कळवलं. त्याबद्दल त्याला काय ऐकावं लागलं ते त्यानं सांगितलं नाही. वहिनींची खुर्ची तीच राहिली, पण वही बंद झाली. साहेबांनी सांगितलं, यापुढं संध्याकाळी पडद्याची छापील प्रत पाठवत जा, शब्द नको. त्यांनी ते नीट, चारचौघांसारखं सांगितलं. वहिनींनी वही कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. मी म्हणालो, "वहिनी, होईल पुन्हा चालू." त्या म्हणाल्या, "भाऊजी, उगाच काहीतरी बोलू नका. तुमचा बल्बांचा हिशेब लागला का ते बघा."

त्याच दिवशी साडेतीनच्या सुमाराला घाईबाई वर आली. मी तेव्हा तिथंच होतो, कागदाची रिमं पोचवायला गेलो होतो. जिना धावत चढून आली असावी, कारण दारात उभी राहून आधी तिनं श्वास घेतला. मला वाटलं, आभार मानायला आलीय. वहिनींनाही तसंच वाटलं असणार, कारण त्या अर्धवट उठल्या.

"तीन दिवस, ताई," ती म्हणाली.

वहिनी पुन्हा बसल्या.

"मंगळवारपासून आजपर्यंत तीन दिवस. तुमच्या वहीत उत्तम आहे म्हटल्यावर मी तर काय बोलणार? लॅबमधल्या सगळ्यांनी सांगितलं, बाईंचं चुकत नाही. मला पण तसंच वाटलं. मी घरी आईला म्हटलं, माझंच बोट भलतीकडं पडलं असणार. आई म्हणाली, तुझी घाई नडली. मी पण म्हटलं, हो, घाईच नडली. काल मी एकेक रिपोर्ट चारचारदा तपासून पाठवत होते. दुपारपर्यंत ढीग साचला माझ्यापुढं. माझ्यापुढं!"

"चूक माझी होती," वहिनी म्हणाल्या.

"ते कळलं मला. सगळ्या हॉस्पिटलला कळलं." तिचा आवाज चढला नव्हता, फक्त नेहमीपेक्षा सावकाश येत होता, आणि तेच ऐकायला कठीण होतं. "पण मला अजून खात्री नाही. सर्व्हर बंद होता ते ठीक. म्हणून मी बरोबर होते असं कुठं होतं? मी खरंच दाबलं होतं का बटण? आता मला आठवतच नाही. आठवायला गेलं की दोन्ही आठवतं."

वहिनींनी जावईबापूकडं बघितलं. त्यानं खुर्ची सरकवून जागा दिली. फाइल अजून उघडीच होती. वहिनींनी लॅबच्या संगणकाचा क्रमांक टाकला आणि सहा हजार तीनशे अठरा ओळींतून त्या रिपोर्टच्या तेवढ्या ओळी बाजूला निघाल्या.

"इकडं ये. बस."

घाईबाई बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून वाकली.

"ही तू," वहिनी म्हणाल्या. "अकरा सहा. पाठवलास. यानं नाकारला. अकरा दहा, पुन्हा. अकरा चौदाला पुन्हा."

"वॉर्डातून फोन आला होता तेव्हा," घाईबाई म्हणाली. "सिस्टर म्हणाली, आला नाही."

"एकवीस. सव्वीस. इथं बघ, एकतीसला दोनदा, काही सेकंदांच्या अंतरानं."

"तेव्हा रागानं दाबलं होतं."

"मग अडतीस. मग चव्वेचाळीस. नऊ वेळा नाकारला. दहाव्यांदा सत्तेचाळीसला, तेव्हा गेला. पेशंटचा नंबर दहाही वेळा बरोबर आहे. एकदाही बोट चुकलेलं नाही."

घाईबाईनं तर्जनी पडद्यावर टेकवली आणि एकेक ओळ खाली उतरत गेली. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, पुन्हा वर आली, आणि पुन्हा मोजलं. इतक्या सावकाश काही करताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. काचेपलीकडं चौघांची घरघर चालू होती.

"हे छापून मिळेल?" तिनं विचारलं.

"साहेबांकडं दिलंय आधीच. तुझ्या फाइलला लागेल ते."

"फाइलला नको. मला हवंय. घरी दाखवते."

वहिनींनी जावईबापूला न विचारता छपाईचं बटण दाबलं. कागद गरम बाहेर आला. घाईबाईनं तो उभ्यानंच पुन्हा एकदा वाचला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवून दाराकडं निघाली. थांबली नाही. थोड्या वेळानं जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली, दोन पायऱ्या एकदम उतरणारी.